नवा कोरा, ठिगळांसकट

लष्करी स्वेटर हा नवा कोरा असतानाच ठिगळे लावून मिळणारा कपडा आहे. खांद्यांवर दोन आणि कोपरांवर दोन अशी जाड सुती कापडाची चार ठिगळे कारखान्यातच शिवून येतात आणि गिऱ्हाईक त्यांच्यासाठी चार पैसे जास्त मोजते. मराठी घरात ठिगळ ही झाकायची वस्तू. पाहुणे यायचे म्हटले की ठिगळाची चादर खाली जाते आणि तिच्यावर नवी अंथरली जाते. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असा हताश प्रश्न मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या विचारत आला आहे. लष्कराने त्यावर तोड काढली. आभाळ नेमके कुठे फाटणार ते आधी हेरून ठेवायचे आणि फाटायच्या आत ठिगळ लावून मोकळे व्हायचे.

ठिगळांच्या जागा शिंप्याच्या लहरीने ठरलेल्या नाहीत. बंदुकीचा पट्टा खांद्यावरून जातो, पाठीवरच्या बोजाचे बंदही तिथेच घासतात आणि गोळी झाडताना बंदुकीचा दस्ता त्याच्याच जरा खाली आदळतो. पालथे पडून नेम धरायचा तर सगळा भार कोपरांवर येतो. लोकर बाकी सगळे सोसते, पण घासणे तिला फार दिवस सोसवत नाही. म्हणून या चार जागी तिच्या मदतीला सूत आले. बाकीचा स्वेटर सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांनी विणलेला असतो. विणकाम करणाऱ्या बायका त्याला रिब म्हणतात आणि घरच्या स्वेटरला ती फक्त मनगटाशी आणि कमरेशी घालतात. ही वीण रबरासारखी ताणली जाते आणि सोडली की पुन्हा आवळते, त्यामुळे एकाच मापात काटकुळाही बसतो आणि धडधाकटही. गळा गोल किंवा व्ही आकाराचा. खांद्यावर हुद्द्याची चिन्हे अडकवायला बटणाची पट्टी. काही प्रकारांत डाव्या बाहीवर पेनाचा छोटा खिसाही असतो. युद्ध कसेही चालो, कागदावर सही वेळेत झाली पाहिजे हे कोणत्याही पलटणीत पाळले जाते, त्याची ही लोकरी खूण.

ब्रिटिश सैनिक या स्वेटरला लाडाने ‘वुली पुली’ म्हणतात. मराठी कानाला हे सणाच्या ताटात पुरणपोळीशेजारी वाढण्याजोगे काहीतरी वाटते. कमांडो स्वेटर हे त्याचे दुसरे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या कमांडो पथकांवरून पडले आणि दुकानदारांना तेच जास्त आवडते, कारण ‘लाडका लोकरी बंडू’ अशा थाटाच्या नावाखाली मर्दानी माल खपत नाही. भारतीय फौजेत त्याला सरळ ‘जर्सी’ म्हणतात. भूदलाची जर्सी शेवाळी हिरवी, हवाई दलाची करडी निळी, एनसीसीची खाकी.

जर्सी या शब्दाने सातारा-कोल्हापूरकडे मात्र घोटाळा होतो. तिकडे जर्सी म्हटले की आधी गाय डोळ्यांपुढे येते. दोन्ही अर्थ इंग्लिश खाडीतल्या एकाच बेटावरून आले आहेत. जर्सी बेटावरचे लोक मोजे आणि अंगरखे विणण्यात पटाईत होते आणि गाई पाळण्यातही, त्यामुळे दोन्ही मालांना बेटाचेच नाव चिकटले. शेजारच्या गर्नसी बेटाचेही तेच. त्याच्या नावाचा कोळ्यांचा घट्ट विणीचा स्वेटर आहे आणि त्याच्या नावाची गायही आहे. सातारा जिल्ह्यात ज्या गावांतून घरटी माणूस फौजेत जातो, तिथल्या निवृत्त सुभेदाराच्या घरी दोन्ही जर्स्या सापडण्याची शक्यता बरीच असते. एक गोठ्यात, एक खुंटीवर. पहाटे दुसरी अंगात घालून पहिलीची धार काढली जाते आणि बेटाच्या दोन्ही कीर्तींचे सार्थक एका बादलीत होते.

‘स्वेटर’ या शब्दाची कुळकथा याहून सरळ आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ घाम काढणारा. एकोणिसाव्या शतकात वजन उतरवण्यासाठी खेळाडू जाड लोकरी कपडे घालून धावत, त्यावरून हे नाव आले. हा मूळ अर्थ आज जगात कुठे शुद्ध स्वरूपात शिल्लक असेल तर तो मुंबईच्या लोकलमध्ये, डिसेंबरात.

लोकरी कपड्यांचा आणि लष्कराचा खरा ऋणानुबंध क्रिमियाच्या युद्धात जुळला. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या लढाईत लॉर्ड कार्डिगनने सुमारे ६७० घोडेस्वार घेऊन रशियन तोफांवर समोरून चाल केली. हुकूम लॉर्ड रॅग्लनचा होता, वाटेत हातोहाती जाताना त्याचा अर्थ बदलला आणि घोडेस्वार भलत्याच तोफांवर गेले. शंभरावर माणसे मेली, त्याहून जास्त जखमी झाली. लष्करी दृष्टीने हाती काहीच लागले नाही. वस्त्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र इतकी फलदायी लढाई दुसरी सापडणार नाही. पुढून उघडणाऱ्या विणलेल्या जाकिटाला कार्डिगनचे नाव मिळाले. गळ्यापासून तिरपी निघणारी बाही रॅग्लनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रॅग्लनचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला होता. ज्याला एकच बाही पुरत होती त्याचे नाव जगातल्या असंख्य बाह्यांना लागले. आणि डोळे-नाक सोडून सगळे डोके झाकणाऱ्या लोकरी टोपीला गावाचे नाव मिळाले, बालाक्लाव्हा.

ही बालाक्लाव्हा म्हणजे आपली माकडटोपी. दिवाळी सरली की पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे जी ज्येष्ठ नागरिकांची फौज चढाई करते, तिच्या डोक्यावर क्रिमियाचे युद्ध असते. शाळेतल्या बाई करडे कार्डिगन घालून हजेरी घेतात तेव्हा त्यांच्या अंगावर घोडदळाचा सेनापती असतो. दोघांनाही याचा पत्ता नसतो आणि कळले तरी टोपी कुणी काढणार नाही, कारण टेकडीवर वारा असतो.

त्याच युद्धात लोकरीची किंमतही कळली. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लाव्हाबाहेर ‘प्रिन्स’ नावाचे जहाज बुडाले आणि फौजेचे हिवाळी कपडे समुद्राच्या तळाशी गेले. मासे उबेत राहिले, सैनिक गारठले. मग इंग्लंडातल्या बायकांनी सुया उचलल्या आणि तेव्हापासून सुया व बंदुका एकाच आघाडीवर लढू लागल्या. पहिल्या महायुद्धात तर मोजे विणणे हे राष्ट्रकार्य झाले. मोज्याच्या बोटांशी शिवण बोचू नये म्हणून टाके जुळवण्याच्या एका पद्धतीला युद्धमंत्री लॉर्ड किचनरचे नाव आहे. किचनरचा पुतळा सगळ्यांनाच आठवत नाही. किचनर टाका मात्र विणणाऱ्या बाईला झोपेतही घालता येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर तीच पाळी आली. लढाई हिवाळ्याआधी आटोपेल या हिशेबाने फौजा रशियात घुसल्या आणि डिसेंबर १९४१ मध्ये प्रचारमंत्री गोबेल्सला रेडिओवरून नागरिकांकडे लोकरीचे कपडे मागावे लागले. जग जिंकायला निघालेल्या राजवटीने घरोघर जुने स्वेटर मागत फिरावे, हा प्रचारमंत्र्याच्या कारकिर्दीतला बहुधा सर्वात खरे बोलल्याचा प्रसंग.

भारतात ही पाळी १९६२ मध्ये आली. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा हिमालयात पाठवलेल्या अनेक जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे तेव्हा म्हटले गेले, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी घरोघर लोकर आली. लोकरीची लडी सोडवून गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात पुढे धरून बसावे लागते. हे काम घरातल्या पुरुषाकडे आले. तो दोन हातांवर लडी घेऊन, नाकावर माशी बसली तरी हात न हलवता, अर्धा तास समोर बसून राही. देशासाठी हात वर करून बसण्याची ही एकमेव सन्माननीय रीत होती. स्वेटरचे मापही बहुतेक वेळा याच गृहस्थाच्या छातीवरून निघाले असणार, कारण जवान हाताशी नव्हता. रिब वीण ताणली जाते हा गुण अशा वेळी राष्ट्राच्या उपयोगी पडतो.

लष्कराला लोकर का लागते, याची कारणे मेंढीच्या अंगावरच दिसतात. लोकर स्वतः ऊब निर्माण करत नाही. तिचे तंतू नागमोडी असतात, ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मधल्या पोकळ्यांत हवा कोंडून राहते आणि ती कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. सरकारी कचेरीत जसा कागद अडतो तशी स्वेटरमध्ये हवा अडते. फरक इतकाच की इथे त्याचा फायदा होतो. दुसरा गुण ओलाव्याचा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, उलट बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते. सूत भिजले की अंगाला चिकटून ऊब शोषते, लोकर भिजूनही बरीच ऊब राखते. तिसरा गुण विस्तवाचा. लोकर सहजी पेटत नाही, पेटलीच तर ज्वाळा दूर केल्यावर विझते आणि कृत्रिम धाग्यासारखी वितळून कातडीला चिकटत नाही. बंकरमध्ये शेगडीला टेकून झोपणाऱ्या माणसाला हा गुण सर्वात आधी कळतो.

तोटा एकच, लोकर टोचते. ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके कातडीत खुपतात. मेरिनो मेंढीची लोकर याहून पुष्कळ बारीक असते म्हणून ती बोचत नाही, पण लष्करी स्वेटरला नाजूकपणापेक्षा टिकाऊपणा हवा असल्याने तिथे राकट लोकरीला मान असतो. सैनिक आत कॉलरचा शर्ट घालतो, त्यामुळे त्याला त्रास होत नाही. हौशी माणूस चित्रपटातला नायक पाहून तोच स्वेटर उघड्या मानेवर चढवतो. मग त्याला दर अर्ध्या मिनिटाला मान इकडून तिकडे फिरवावी लागते. लांबून पाहणाऱ्याला हा माणूस मोठा सावध आणि टेहळणीत तरबेज वाटतो, आणि स्वेटरचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

राकट लोकरीचे महाराष्ट्राला वावडे नाही. दख्खनी मेंढीची लोकर इतकी भरड असते की तिची घोंगडी उभी केली तर उभीच राहील असे वाटते. धनगराच्या खांद्यावर ती बारमाही असते, पावसात तिची खोळ होते, रात्री अंथरूण आणि पहाटे पांघरूण. जुन्या काळच्या शिपाईगड्यालाही स्वेटर ठाऊक नव्हता, घोंगडी ठाऊक होती, आणि तिला बाह्या नसल्यामुळे रॅग्लनचेही काही अडले नसते. पुढे इंग्रजी अमदानीत फौजेची लोकर गिरण्यांकडे गेली. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ ची, ठाण्यातली रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ ची. दोन्हींनी लष्करासाठी कांबळी आणि जाड कापड काढले. हे मागावरचे काम. सुयांच्या विणीचे राज्य लुधियान्याचे. दुष्काळामुळे काश्मीर सोडून आलेल्या विणकरांनी तिथे बस्तान बसवले आणि आज देशाच्या बहुतेक स्वेटरांचा जन्म तिथलाच. पुण्या-मुंबईत थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला तिबेटी मंडळी जे ‘तिबेटी स्वेटर’ मांडून बसतात, त्यांतलेही पुष्कळ लुधियान्याहूनच आलेले असतात. गिऱ्हाईक त्यात हिमालयाचा वास शोधते आणि घासाघीस मात्र तुळशीबागेतली करते.

लष्करी स्वेटर नागरी अंगावर आला की त्याच्या अडचणी सुरू होतात. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्यासाठी असतात आणि हुद्दा तर नसतो. रिकाम्या पट्टीत काही जण गॉगलची काडी अडकवतात, काही जण पिशवीचा बंद सरकू नये म्हणून तिचे बटण लावून घेतात. कोपरांची ठिगळे मात्र वाया जात नाहीत. सैनिकाचे कोपर दगडावर घासते, कारकुनाचे टेबलावर, आणि तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब केला तर टेबल कमी चिवट नसते.

सर्वात मोठी अडचण ओळखीची. भारतातल्या शहरांत हा स्वेटर सर्वात जास्त कुणाच्या अंगावर दिसत असेल तर तो फौजीच्या नव्हे, सोसायटीच्या सुरक्षारक्षकाच्या. गडद निळा रंग, चार ठिगळे, खांद्यावर पट्ट्या, कधी त्यावर तारेही, आणि खाली सँडल. एखादा शौकीन परदेशातून मागवलेला, अस्सल लोकरीचा, मूळ ब्रिटिश नमुन्याबरहुकूम विणलेला निळा कमांडो स्वेटर घालून रविवारी सकाळी फाटकाशी उन्हाला उभा राहतो. त्याची अपेक्षा अशी की जाणकाराने दोन पावले मागे सरून वीण न्याहाळावी. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी येते, काच खाली होते.

“दादा, गाडी आत लावू की बाहेर?”

यावर दोनच मार्ग उरतात. एक तर वुली पुलीचा इतिहास सांगायचा, नाहीतर गाडी डाव्या हाताला लावायला सांगायची. अनुभवी शौकीन दुसरा मार्ग पत्करतात. पाहुणे जाताना हात करतात, कधी दहाची नोटही पुढे करतात.

कायदाही या बाबतीत गाफील नाही. सैनिक नसताना, आपल्याला सैनिक समजावे या हेतूने सैनिकी पोशाख घालणे हा भारतात गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमात त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. कलमातला महत्त्वाचा शब्द ‘हेतू’. इथे रिब वीण आरोपीच्या मदतीला येते. तिच्या उभ्या रेघा गळ्यापासून छातीपर्यंत संचलनातल्या रांगांसारख्या सरळ उतरतात आणि पोटाशी आल्या की रांग मोडून दोन्ही बाजूंनी पांगतात. हा नकाशा पाहिल्यावर आरोपीचा सैनिक भासण्याचा हेतू होता असे म्हणायला सरकारी वकीलही धजावणार नाही.

निवृत्त फौजीच्या अंगावर हाच स्वेटर वेगळा बसतो. त्याच्या पट्ट्याही रिकाम्याच असतात, कारण चिन्हे उतरवून ठेवलेली असतात. पण गेली कित्येक वर्षे तिथे काय होते ते सगळ्या गावाला ठाऊक असते. जर्सी शर्टाच्या कॉलरसकट नीट बसलेली, कोपरांची ठिगळे गुळगुळीत झालेली, डाव्या खांद्याच्या मानाने उजवा जरा जास्त विटलेला. लग्नाला, ग्रामसभेला, बँकेत हयातीचा दाखला द्यायला, सगळीकडे तीच. दरवर्षी जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा लेह-सियाचीनकडे राहून आलेला असा गृहस्थ ती मोठ्याने वाचतो आणि पेपर घडी करून बाजूला ठेवतो. पुढे काही बोलत नाही.

स्वेटर धुण्याच्या बाबतीत मराठीने आधीच इशारा देऊन ठेवला आहे. रखडलेल्या प्रकरणाला आपण भिजत घोंगडे म्हणतो ते उगीच नव्हे. लोकर पाणी पिऊन पिऊन जड होते, पिळवत नाही, वाळत नाही आणि कोपऱ्यात वास मारत पडते. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे हे तिघे एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. यालाच घरात ‘स्वेटर आटला’ म्हणतात. वॉशिंग मशीनमध्ये हे तिघे एका बटणावर भेटतात. आत गेलेला बेचाळीस छातीचा कमांडो बाहेर येतो तो बालवर्गाच्या मापाचा, चारही ठिगळे शाबूत. ठिगळे सुती असल्यामुळे ती मूळ मापाचीच राहतात आणि आटलेल्या स्वेटरवर कानांसारखी फडफडतात. यावर उपाय जुनाच आहे. रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे कोमट पाणी, न चोळता दाबून धुणे, पंच्यात गुंडाळून पाणी टिपणे आणि सावलीत आडवा पसरून वाळवणे. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने स्वेटर गुडघ्यापर्यंत उतरतो आणि मग तो दलाचा न राहता दशावताराचा होतो.

उरला शत्रू म्हणजे कसर. मराठीत याच शब्दाचा एक अर्थ उणीव आणि दुसरा कपडे खाणारी कीड, आणि लोकरीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच भोकातून दिसतात. उडणारा बारीक पिवळट पतंग स्वतः काही खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि लोकरीतले केराटिन नावाचे प्रथिन तिला पचते. केस, पिसे, लोकर हा तिचा आहार, आणि त्यातही घामाचा डाग असलेली जागा म्हणजे मीठ-मसाला घातलेली. म्हणून स्वेटर न धुता ठेवू नये. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, चैत्रातले कडक ऊन, यांतला जो उपाय ज्या घरात आजीने ठरवला तोच चालतो आणि ट्रंकेच्या वासावरून घर ओळखता येते. लेफ्टनंट असो की लान्स नाईक, ट्रंकेत गेलेल्या जर्सीला उन्हाळाभर डांबराचाच पहारा.

पहारा एखाद्या वर्षी चुकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रंक उघडली जाते, स्वेटर उचलून उजेडात धरला जातो आणि त्यातून खिडकीचे गज दिसतात. पाठ गेलेली, पोट चाळणी झालेले, गळ्याचा नुसता आकार उरलेला. बाकीचा धागा उसवून, गुंडाळून त्यातून नातवाची कानटोपी निघू शकते आणि बऱ्याच घरांत ती निघते. सुती कापड मात्र अळीला पचत नाही. त्यामुळे ज्या चार जागा पहिल्यांदा फाटणार म्हणून लष्कराने नवेपणीच झाकून ठेवल्या होत्या, तेवढ्याच शेवटपर्यंत धड राहतात. कात्रीने त्या मोकळ्या केल्या जातात. दोन खांदे गॅसवरचे भांडे उतरवायला ओट्याशी जातात, दोन कोपरे शिवणाच्या डब्यात, कुणाच्या तरी जुन्या पँटच्या गुडघ्यासाठी.